नाड्याखालचा प्लग

दादाच्या सहस्रचंद्रदर्शनाला गौरव अंक काढायचा आहे आणि प्रत्येकाने त्याच्याबद्दल एक आठवण लिहून द्यायची आहे, असा पुतणीचा काटोलहून फोन आला. दादा माझा मोठा भाऊ आणि पुतणी त्याची एकुलती एक मुलगी. "काका, तुम्ही सगळ्यांत जवळचे. तुम्ही मोठं लिहा," ती म्हणाली. मी बरं म्हटलं. तिला वाटलं असेल, दादाने मला सायकल शिकवली, माझ्या मास्तरांशी भांडायला शाळेत आला, असलं काही मी लिहीन. दोन्ही खरं आहे. ते लिहून झालं. आता दुसरी आठवण.

आमच्या घराण्यात एक गोष्ट प्रसिद्ध आहे. लग्न असो की बारसं, पंगत उठून पानाचं तबक फिरायला लागलं की दादा ती सांगतो. लहान्याच्या बायकोने घरीच कॉम्प्युटर जोडला, तो सारखा बंद पडायचा, मग मी गेलो, फॉरमॅट मारला, तेव्हापासून मशीन घड्याळासारखं चालू आहे. लहान्या म्हणजे मी. पंचाहत्तरी उलटली तरी दादाच्या तोंडी मी लहान्याच आहे. गोष्ट संपली की तो माझ्याकडे पाहतो आणि विचारतो, "काय गा लहान्या, खरं का खोटं?" आणि मी मान हलवतो.

खोटं. बायकोने कॉम्प्युटर घरी जोडला, इथवरच ती गोष्ट खरी आहे. पुढची सगळी दादाची. आणि ती टिकली माझ्या मान हलवण्यावर.

माझी बायको सरकारी बांधकाम खात्यात आरेखक होती. आयुष्यभर तिने इतरांच्या इमारतींचे नकाशे काढले. आधी ट्रेसिंग पेपरवर, नोकरीच्या शेवटी कॉम्प्युटरवर. निवृत्त झाल्यावरही तिचं डोकं रिकामं बसलं नाही. नातेवाइकांकडे गेली की बसल्या जागेवरून जिन्याच्या पायऱ्या निरखायची आणि घरी येताना रिक्षात म्हणायची, "त्यांचा जिना एक दिवस कोणाचा तरी जीव घेईल." पुतणीचं काटोलला त्यांच्या संत्र्याच्या बागेत घर बांधायचं ठरलं तेव्हा ती बापाला न विचारता सरळ हिच्याकडे आली. "काकू, नकाशा तूच काढ. आणि मले कागदावरचं समजत नाही. घर उभं करून दाखवता येते का?"

येत होतं. हल्ली असा प्रोग्रॅम असतो की नकाशा काढला की त्यातून घर उभं राहतं, आपण दारातून आत जायचं, खोल्याखोल्यांतून फिरायचं. तारीख आणि वेळ टाकली की त्या वेळी ऊन कुठल्या खिडकीतून कुठवर येईल तेही दिसतं. पण आमच्या जुन्या कॉम्प्युटरला ते झेपेना. म्हणून तिने नवा जोडायचं ठरवलं. तयार घ्यायचा नाही, स्वतः जोडायचा. महिनाभर मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, मग इथे नागपुरात सीताबर्डीच्या बाजारातून एकेक भाग आणला. प्रताप नगरातल्या आमच्या घराच्या जेवणाच्या टेबलावर तिने तो जोडला. मधूनमधून उठून मोरीतल्या नळाला हात लावून यायची, अंगातली वीज निघून जावी म्हणून. मी विचारलं, "हे काय सोवळं चाललं आहे वं?" ती म्हणाली, "सोवळंच समजा. तुम्ही शिवू नका."

पहिल्याच दिवशी मशीन सुरू झालं. गणपतीपासून नवरात्रापर्यंत ती त्यावर पुतणीचं घर उभं करत होती. मोठा ओटा, फळं निवडायला मागे लांब पडवी, सकाळचं ऊन थेट स्वयंपाकघराच्या ओट्यावर. तेवढ्या दिवसांत ते एकदाही बंद पडलं नाही. ही ओळ मी मुद्दाम लिहितो आहे. दादाच्या गोष्टीत ती नसते.

आता खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादा घराण्यातल्या सगळ्यांच्या घरी जाऊन यंत्रांची पूजा करतो. तो सरकारी वर्कशॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झाला. तिथे दर खंडेनवमीला लेथपासून ट्रकपर्यंत सगळ्याला तो नाडा बांधायचा, तो पूजेचा लाल-पिवळा दोरा. दादाची गाठ वर्षभर हलत नाही, अशी तिची ख्याती. आमच्याकडे शिलाई मशीन, स्कूटर आणि पाण्याचा पंप ही नेहमीची मंडळी. त्या वर्षी शहरात दसऱ्याची गर्दी सुरू व्हायच्या आत तो महाल भागातल्या त्याच्या घरून सकाळीच आला आणि त्याला नवा कॉम्प्युटर दिसला.

"हे काय आणलं गा?"

"हिनं जोडला."

दादाने डब्याभोवती एक फेरी मारली. काळा पत्र्याचा डबा, एका बाजूला काच. तो म्हणाला, "पूजा बाहेरून नाही होत. मशीन उघडून करा लागते. बोनेट उघडल्याशिवाय ट्रकले नाडा बांधते का कोणी? तुझ्या मिसेसले सांग, हे झाकण काढ म्हणा."

मिसेस शेजारीच उभी होती, हातात आरतीचं तबक घेऊन. पण आमच्याकडे बाई भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, समोरासमोर बोलत नाही, आणि तोही तिच्याशी बोलत नाही. मध्ये मी. ऑफिसात इंजिनिअरशी वाद घालून जिना बदलायला लावणारी बाई, पण दादा आला की डोक्यावर पदर आणि तोंडात मिठाची गुळणी. लग्नापासून हेच. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला तर ते सोयीचंच होतं.

मी तिला सांगितलं, दादा झाकण काढायला सांगतो. तिने ते काढलं. दादाने आत हळद-कुंकवाची बोटं लावली, मग वायरींचा एक जुडगा निवडला, त्याला नाड्याचे वेढ्यावर वेढे दिले, मध्ये झेंडूची कळी अडकवली आणि गाठ मारताना, वर्कशॉपच्या सवयीने, पाय भिंतीला लावून ओढल्यासारखी ओढली. बायकोने तोंडातल्या तोंडात "अहो" म्हटलं. मला. मी ऐकलं नाही असं केलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन पहिल्यांदा बंद पडलं.

बंद पडणं म्हणजे कसं, ते सांगतो. पत्र लिहा, काही होत नाही. बातम्या पाहा, गाणी ऐका, काही नाही. नुसता नकाशा काढा, तरी काही नाही. पण घर उभं करून त्यात ऊन सोडलं की पंखे घुर्र करत वाढायचे, पडदा काळा व्हायचा आणि क्षणभराने मशीन स्वतःच पुन्हा सुरू व्हायचं. जसं काही झालंच नाही. चोरून दूध प्यायलेल्या मांजरासारखं.

आम्ही शोधायला लागलो. म्हणजे ती शोधायची आणि मी टॉर्च धरायचो.

"टॉर्च आत मारा. माझ्या तोंडावर कायले मारून राहिले? मी काय चोर आहो?"

"गरम तर नाही होऊन राहिलं?"

"पाहिलं. तुमच्या डोक्यापेक्षा थंड आहे."

मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. एक काढून दुसरीवर चालवून पाहिलं, मग उलट. मग पेनड्राइव्हवरून मेमरी तपासणारा प्रोग्रॅम लावला. तो दिवसभर चालला आणि संध्याकाळी त्याने सांगितलं, एकही दोष नाही. प्रोसेसरवरचा पंखा उतरवून पुन्हा बसवला. घरातला दुसरा सॉकेट घेतला, फ्रिजचा स्टॅबिलायझर काढून याला लावला, तर फ्रिजने पाणी सोडलं. खरं सांगतो, ते दिवस वाईट नव्हते. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एका डब्यात डोकं घालून दोघांनी काही शोधलंय असं कधी झालं नव्हतं.

मग तिने पेचकसाचं टोक नाड्यावर टेकवलं.

"एवढं एकच पाहायचं राहिलं. ग्राफिक्स कार्ड आहे ना, ज्याच्यावर घर दिसते, त्याचा पॉवरचा प्लग याच्या खाली आहे. साधं काम असलं तर त्याले जास्त करंट लागत नाही. ऊन सोडलं की लागते. प्लग थोडा जरी उचलला असंल तर हेच होईन. सोडून पाहू का?"

मी म्हटलं, "पूजेचं आहे. दादानं बांधलं. राहू दे."

पूजेचा नाडा सोडत नाहीत. तो आपोआप गळून पडतो, नाही तर पुढच्या दसऱ्याला नवा बांधताना जुना काढतात. हे मला सांगावं लागलं नाही, तिला माहीत होतं. तरी तिने विचारलं, कारण तिला मशीन बरं करायचं होतं. मी नाही म्हटलं, कारण मला दादाला तोंड द्यायचं नव्हतं. ती "बरं" म्हणाली आणि झाकण लावून टाकलं.

मग दादाला कळलं. कसं कळलं? मीच फोनवर सांगितलं. दुसऱ्याच दिवशी तो आला, खिशात पेनड्राइव्ह घेऊन. निवृत्तीनंतर त्याने कुठेसा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि त्यातून त्याच्या हाती एक शब्द लागला होता, फॉरमॅट. मोबाइल, टीव्हीचा डबा, बँकेचं मशीन, काहीही अडलं की तो म्हणायचा, फॉरमॅट मारा लागते.

तो तिच्या खुर्चीवर बसला. ती दाराशी उभी राहून मला म्हणाली, "यायले म्हणा, घराचं काम आधी पेनड्राइव्हवर काढून घेऊ द्या."

दादाने ते ऐकलं. खोलीत आम्ही तिघंच होतो. पण तो माझ्या तोंडून येण्याची वाट पाहत स्वस्थ बसला.

मी म्हटलं, "दादा, ती म्हणते, काम आधी काढून घेऊ."

"अरे, ते दुसऱ्या ड्राइव्हमध्ये राहते. त्याले काही होत नाही. मले शिकवते का?"

मी वळून तिला सांगितलं, "दादा म्हणतो, काही होत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. दादाकडे नाही, माझ्याकडे. अजून वेळ होता. मला फक्त म्हणायचं होतं की, दादा, थांब. मी म्हटलं, "त्याले कळते. करू दे."

दादाने बटणं दाबली आणि गणपतीपासूनचं घर पुसलं. ओटा, पडवी, स्वयंपाकघरातलं ऊन, सगळं. चहा पिऊन, "आता पाह्य कसं पळते ते," असं म्हणून तो गेला. तिने प्रोग्रॅम पुन्हा टाकला, नमुन्याला एक खोली उभी केली, तिच्यात ऊन सोडलं. पडदा काळा झाला. दादा तोवर महालात पोचलाही नसेल. तिने कामाची एक प्रत वेगळी ठेवायला हवी होती, असं कोणी म्हणेल. दादाने म्हटलंच. ऑफिसात प्रत ठेवायला वेगळा माणूस असायचा. घरी तिला वाटलं होतं, आपल्या खोलीत येऊन कोण पुसणार?

दिवाळीच्या फराळाला आम्ही सगळे महालात दादाकडे जमलो. काटोलहून पुतणी आणि जावई आले होते. दादा रंगात होता. म्हणाला, "लहान्याच्या घरी कॉम्प्युटर नाही, फटाका आहे. बटन दाबलं की फुस्स! वातीचा दोष नाही गा, बांधणाऱ्याचा आहे. आता तुझ्या मिसेसले सांग, चिवडा फस्कलास जमते, तोच जोडत जा म्हणा."

सगळे हसले. मीही हसलो. तोंडातला चिवडा सांडेपर्यंत हसलो. ती समोर चकल्यांचं ताट घेऊन उभी होती.

मग दादाने जावयांना बाजूला घेतलं. त्याच्या ओळखीचा एक इंजिनिअर होता, घराचं काम त्याला द्यायचं असं त्याचं आधीपासूनच मनात होतं. पुतणी मधे पडली. "बाबा, देवदिवाळीले आम्ही नागपूरले येऊनच राहिलो. काकूनं तोवर घर दाखवलं तर काकूचं. नाही तर तुमचा माणूस." दादा म्हणाला, "मंजूर." हिला कोणी विचारलं नाही, पण ऐकू मात्र गेलं.

घरी आल्यावर तिने मशीनवर जुनी चादर टाकली. त्या खोलीत जाणं सोडलं. रागावली नाही, रडली नाही, बोलणंही बंद केलं नाही. भाजी काय करू विचारायची, गोळ्या घेतल्या का विचारायची. पण नकाशाचा विषय काढला की म्हणायची, "चिवडा करते ना." इतक्या शांतपणे म्हणायची की मला घास गिळवत नसे. देवदिवाळी जवळ येत होती आणि चादर तशीच.

भाऊबीज झाल्यावर दादाचा फोन आला. आवाज मोठा, नेहमीसारखा. "लहान्या, आइक. ते मशीन कबाडीले देऊन टाक. पण देण्याच्या आधी नाडा सोडून घेजो बरं. पूजेचा आहे, कबाडात नको जाऊ देऊ. अंबाझरी तलावात सोडजो."

मी फोन ठेवला. दादाचा राग मला आयुष्यात अनेकदा आला होता, पण तो येऊन जायचा. हा आला आणि बसला. नाडा कबाडात जाऊ नये! ज्याने माझ्या बायकोचं घर पुसलं, तिला माझ्यासमोर चिवड्यावर बसवलं, त्याला काळजी कशाची, तर दोऱ्याची. आणि तो दोरा मी महिनाभर सांभाळत होतो, पुजाऱ्यासारखा.

मी त्या खोलीत गेलो, चादर ओढून काढली, तिला हाक मारली. ती दाराशी आली. मी झाकण काढलं. ते मला नीट जमलं नाही, एक स्क्रू पलंगाखाली गेला.

"काय करून राहिले?"

"नाडा सोडतो."

मी गाठीला नखं लावली. दादाची गाठ. ती काय सुटते! बायको आतून कातरी घेऊन आली आणि माझ्यापुढे धरली.

"कापा."

"तूच काप ना. तुले प्लग समजते."

"नाही," ती म्हणाली. "भासऱ्याची गाठ मी कापली तर उद्या महालात काय सांगितलं जाईन, मले माहीत आहे. आणि तवा तुम्ही कोणाकडं पाहान, तेही माहीत आहे. तुम्हीच कापा."

मी कापलं. वाळलेली कळी चुरून आत पडली. नाड्याचे वेढे बाजूला केले तर खाली प्लग होता, आणि तो एका बाजूने उचलला गेला होता. दादाने जुडगा आपल्याकडे ओढला तेव्हा तो अर्धा बाहेर आला आणि नाड्याने तसाच आवळून धरला गेला. न पडता, न बसता. तिने अंगठ्याने दाबला. टक् असा आवाज आला. एवढाच. इतक्या दिवसांचा सगळा आजार त्या आवाजाएवढा होता.

तिने खोली उभी केली. तिच्यात ऊन सोडलं. पंखे वाढले. मी डोळे मिटून घेतले. ती म्हणाली, "उघडा." पडद्यावर खोली होती आणि फरशीवर खिडकीचं ऊन.

"आता चहा करा," ती म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदा तिने मला असं सांगितलं आणि मी केला.

देवदिवाळीपर्यंत तिने ते घर पुन्हा काढलं. पेन्सिलची काही कच्ची चित्रं होती, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला. बाकी सगळं डोक्यात. मी स्वयंपाक केला. कसा झाला ते विचारू नका. आणि दादाला मीच फोन करून बोलावलं. मला त्याचा चेहरा पाहायचा होता. नाडा मी खिशात ठेवला होता. ठरवलं होतं, घर दाखवून झालं की तो काढून सगळ्यांसमोर टेबलावर ठेवीन आणि विचारीन, "काय गा दादा, खरं का खोटं?"

सगळे आले. तिने घर उघडलं. पुतणी ओरडलीच, "वा! काकू, इथं ओट्यावर ऊन येऊन राहिलं ना वं!" जावई पडवीत फिरून आले, क्रेट कुठे ठेवायचे ते त्यांना तिथेच दिसलं. मशीनचे पंखे गरगरत होते आणि पडदा लख्ख होता. माझा हात खिशात गेला.

दादा म्हणाला, "पाहिलं? मी फॉरमॅट मारला होता. त्याचा असर थोडा उशिरा होते." आणि जावयांना टाळी दिली.

माझा हात खिशातच राहिला. जावई समोर होते, मोठ्या भावाची लाज काढायची नसते, चांगला दिवस कशाला नासवायचा, अशी मी मनाला बरीच कारणं दिली. खरं कारण एकच. तो दादा होता आणि मी लहान्या. त्याने विचारलं, "काय गा लहान्या?" मी मान हलवली.

घर तिलाच मिळालं. ते काटोलला उभं आहे, कोणीही जाऊन पाहावं. पण वास्तुशांतीला शाल आणि श्रीफळ दादाला मिळालं, घरातला वडीलधारा आणि 'वेळेवर मशीन दुरुस्त करून दिल्याबद्दल'. मी टाळ्या वाजवल्या. ती त्या वेळी बायकांना जिना दाखवत होती.

बोलली तीच. पुढच्या खंडेनवमीला दादा नवा नाडा घेऊन आला आणि म्हणाला, "लहान्या, तुझ्या मिसेसले सांग, झाकण काढ म्हणा." मी तोंड उघडायच्या आत तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि सरळ त्याच्याकडे पाहून म्हणाली, "भाऊजी, झाकण निघणार नाही. बाहेरून बांधा. सैल."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग त्याने नाडा डब्याच्या वरच्या कोपऱ्याला बांधला, सैल, राखी बांधतात तसा. त्याचा तो चेहरा मी अजून कधीकधी जेवताना आठवतो आणि मला एक पोळी जास्त जाते. हे चांगल्या माणसाचं लक्षण नाही, मला माहीत आहे.

तरी पंगतीतली गोष्ट थांबली नाही. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात त्याने ती पुन्हा सांगितली आणि मी पुन्हा मान हलवली. सवयच झालेली. घरी येताना ती रिक्षात म्हणाली, "तुमची मान दुखत नाही का हो?"

म्हणून हे लिहिलं.

अंकाची पानं तीच लावते आहे, त्याच मशीनवर. दादाचं मनोगत येऊन पडलं आहे. त्यात फॉरमॅटची गोष्ट आहे, सविस्तर. माझं लिखाण तिने त्याच्या लगेच पुढच्या पानावर घेतलं. मी तिला म्हटलं होतं, वाच आणि नको वाटलं तर काढून टाक. तिने वाचलं. प्लगचं वर्णन मी चुकवलं होतं, ते दुरुस्त केलं. मग एका वाक्यावर थांबली. दिवाळीच्या फराळाच्या जागी मी आधी लिहिलं होतं, 'मी कसनुसा हसलो.'

"हे खोटं आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तुम्ही मनापासून हसले होते. चिवडा सांडला होता तोंडातला. मीच झाडून काढला."

तिने ते वाक्य खोडलं आणि मला खुर्चीवर बसवून खरं लिहायला लावलं. बाकी एका शब्दाला हात लावला नाही.

पुतणीला मी फोन करून सांगितलं, बाई, माझं लिखाण तुझ्या बापाला आवडणार नाही. ती म्हणाली, "काका, मी कोणाचंच वाचून नाही राहिली. वाचलं की रडू येते. जसं येईन तसं छापू." ठीक.

कार्यक्रमात अंक सगळ्यांत आधी दादाच्या हातात देतील. तो पहिल्यांदा आपलं मनोगत वाचेल, मग पान उलटेल. एकच अडचण होती. कार्यक्रमाला निघताना तो हमखास चष्मा घरी विसरतो आणि मग दुसऱ्याकडून वाचून घेतो. वाचणारा हे गाळून वाचेल. म्हणून या पानांची अक्षरं मोठी ठेवायला मी तिला सांगितलं आहे.